झडतीत नाही म्हणणार

मला नवऱ्यानं कधी मारलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लेकराला कडेवर घेऊन मी माहेरी आले तेव्हा प्रत्येकानं पहिल्यांदा हेच विचारलं. मायनं विचारलं, शेजारणींनी विचारलं, ज्यांचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता त्यांनीही येता-जाता विचारून घेतलं. मारत नाही म्हटल्यावर दारूची चौकशी झाली. दारूला शिवत नाही म्हटल्यावर दुसऱ्या बाईची. तेही नाही म्हटल्यावर मात्र सगळ्यांना माझाच राग आला, कारण घर सोडायची त्यांना माहीत असलेली कारणं तिथं संपली होती.

"मंग काहून आली?" माय म्हणाली.

"लय बोलतात."

"कोन न्हाई बोलत?" असं म्हणून ती भाकरी थापायला बसली. तिच्या लेखी विषय मिटला होता. माझ्या लेखी तो आत्ता कुठं सुरू झाला होता, पण त्या दिवशी ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

माझं सासर कनेरगाव नाक्याला, हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावर. गोष्ट नव्वदच्या दशकातली, हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. नवऱ्याचा ढाबा होता. पुढं पत्र्याचं छप्पर, त्याखाली बाजा आणि बाकडी, मागं आमच्या दोन खोल्या. भाजी तो करायचा, पोळ्या माझ्याकडे. त्याच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. दिवसभर गाडी हाकून आंबलेला ड्रायव्हर त्याच्या दोन वाक्यांत हसायला लागायचा. जेवणापेक्षा माझ्या बोलण्यासाठी गाड्या थांबतात असं तो म्हणायचा आणि त्यात थोडंफार खरंही होतं. पण हसायला काहीतरी लागतं. रोज रोज नवीन कुठून आणणार? मी समोरच बसलेली असायची, चुलीपाशी.

लग्न नवं होतं तेव्हा एकदा माझी पोळी ताटात पडली आणि तो गिऱ्हाइकाला मोठ्यानं म्हणाला, "पाव्हनं, जपून खा. आमची मंडळी बारावी पास हाय. पोळी न्हाई लाटत, नकाशे काढते. तुमाले कोनचा पाह्यजे, महाराष्ट्राचा का बिहारचा?"

हशा पिकला. मला गोल पोळी येत नव्हती हे खरंच होतं. माहेरी रोज ज्वारीची भाकरी, पोळी सणासुदीला, आणि तीही माय लाटायची. त्या दिवशी मीही हसले. नव्या नवरीनं आणखी करावं तरी काय?

पुढच्या आठवड्यात माझं नाव 'नकाशेवाली' पडलं. ट्रकवाले हाक मारायचे, "ए नकाशेवाली, दो रोटी और!" मग किराणा दुकानदार म्हणायला लागला, मग एसटीचा कंडक्टर. घरात आम्ही दोघंच असलो तरी नवरा त्याच नावानं बोलवायचा. आईबापांनी ठेवलेलं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं. मी एकदा एकांतात त्याला सांगितलं की हे मला आवडत नाही. तो म्हणाला, "गंमत बी समजत न्हाई तुले? मंग बारावी कशी पास झाली?"

कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होतं. काय होतं ते सांगते. ढाब्यावर पुडी बांधायला रद्दी यायची, ती मी वाचायची. एकदा कापसाच्या भावाबद्दल वाचलेलं मी एका शेतकऱ्याला सांगत होते, तोही मन लावून ऐकत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाईसाहेब भाषण देऊन राह्यल्या, पोळी करपून राह्यली." शेतकरी हसला. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाशी बोलणं सोडलं. मग घरात बोलणंही कमी झालं. वाक्य तोंडाशी आलं की आधी ते त्याच्या कानांनी ऐकायचं, त्यात थट्टेला जागा आहे का ते बघायचं आणि मग गिळून टाकायचं, अशी सवय लागली. मार बसला असता तर वळ तरी दाखवता आला असता. मला दाखवायला काहीच नव्हतं, हा सगळ्यात मोठा संताप.

तरीही मी राहिले असते. खरं तेच सांगते, राहिलेच असते. पण आमची पोरगी बोलायला लागली.

दुपारची वेळ होती, सगळ्या बाजा भरलेल्या. पोरगी धावत आली, माझा पदर ओढला आणि म्हणाली, "नकाशेवाली, पानी दे!"

सगळा ढाबा हसला. नवऱ्यानं तिला उचलून घेतलं, "वा रे माझी वाघीण!" म्हणाला आणि बरणीतली गोळी तिच्या हातात दिली. तिनं मान वळवून कोण कोण हसतंय ते पाहिलं आणि पुन्हा तेच म्हटलं, आता जरा मोठ्यानं. आईला असं म्हटलं की गोळी मिळते, हे माझं लेकरू माझ्या डोळ्यांसमोर शिकत होतं. मी परातीतून हात काढले, धुतले, तिला त्याच्या कडेवरून घेतलं आणि समोर उभी असलेली हिंगोलीची गाडी पकडली. हिंगोलीहून पुसेगाव, माझं माहेर. पीठ तसंच परातीत राहिलं. तो मागून काहीतरी बोलला, त्यावर लोक हसले. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी गावातले सगळे बैल सजवून मारुतीसमोर आणतात आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेनं उभे करतात. तोरण तुटायच्या आधी दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर झडत्या फेकतात. झडती म्हणजे जागेवर जुळवलेलं चार ओळींचं कवन. त्यात कुणाची तरी खिल्ली असते आणि शेवटी हर हर महादेवचा गजर. ज्याच्यावर झडती पडेल त्यानं रागवायचं नाही, उलट झडती म्हणायची, असा नियम. माझे बाबा या कामात पंचक्रोशीत नावाजलेले. सरपंच, पोस्टमन, सुई टोचणारा डॉक्टर, कुणीच त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. ज्याच्यावर त्यांची झडती पडली तो वर्षभर मिरवायचा, नाहीतर वर्षभर तोंड लपवायचा.

बाबांना बोलण्याची तेवढी एकच तऱ्हा येत होती. आमच्या घरात कुणी काही सरळ बोललंच नाही. बाबांना भूक लागली की म्हणायचे, "आज चुलीचा उपास दिसून राहिला." माय तापानं फणफणली तर, "राणीसाहेब आज दरबारात न्हाईत." तिच्यासाठी गोळ्या आणायला ते भर उन्हात सायकल दामटायचे, पण 'पडून राहा' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसलेली माणसं काय काय करतात याचा हिशेब कुणी मागत नाही, आणि मला तो मागायचा होता.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा ओसरीवर पोळ्यासाठी नवी दावी वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. ढाबा, पोळ्या, ते नाव, पोरीनं मारलेली हाक. त्यांनी नीट ऐकलं. मग त्यांच्या मिशा हलल्या आणि ते मनापासून हसले.

"नकाशेवाली! जमवलं बरं का जावयानं."

एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराची तारीफ करावी तसं ते म्हणाले. माझा तिळपापड झाला. "बाबा, हसण्यासारखं न्हाई हे."

"अगं पोरी, असं हसून घालवायचं असतं."

मी उठून आत गेले. मी सासरी पहिल्या दिवशी का हसले होते ते मला त्या क्षणी समजलं. हे शिक्षण मला याच ओसरीवर मिळालं होतं.

पोळा चार-सहा दिवसांवर होता. माय म्हणत होती, "पोळा होऊ दे, मंग तुला बाबा सोडून येतील." म्हणजे परत पाठवायचं त्यांचं ठरलंच होतं. मी जाणार नाही असं म्हटलं की ती लेकराकडे बोट दाखवायची. मी लेकरासाठीच आले होते, आणि ती लेकरासाठीच परत जा म्हणत होती.

पोळ्याला बायका देवळाच्या ओट्यावर उभ्या राहतात, तोरणापासून लांब. मीही पोरीला कडेवर घेऊन तिथं उभी होते. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली, ढोल वाजत होता. झडत्या सुरू झाल्या. वरच्या आळीतला एक म्हातारा बाबांचा जुना प्रतिस्पर्धी होता. तो पुढं आला आणि हात वर करून म्हणाला:

"चाक रे चाक, गाडीचं चाक,
सासरी न्हाई रमली, माहेरी दिली हाक,
झडतीवाल्या पाटलाला जावयाचा धाक,
म्हणून बसली लेक उंबऱ्यात, झाकता येईल तर झाक!"

हर हर महादेव. लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, राग आला नाही. तो परका माणूस. मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून ओठांत काहीतरी जुळवत होते. झडती सुचली की त्यांचा चेहरा फुलायचा, तो तसाच फुलला. आणि मला आधीच कळलं.

"तवा रे तवा, लोखंडाचा तवा,
माझी लेक पोळी लाटते, नकाशा निघतो नवा,
नकाशेवालीच्या नकाशानं जावई चुकला गावा,
तुमाला कायले पाहिजे त्याच्या घराचा ठावा!"

अख्खं गाव हसलं. माझ्या शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वरच्या आळीचा म्हातारा हरला होता, त्यानंही मान डोलावली. आणि एवढ्या गलक्यात माझ्या पोरीनं आपल्या ओळखीचा शब्द अचूक पकडला. माझ्या गालाला हात लावून ती आनंदानं ओरडली, "नकाशेवाली!"

मी तिला मायच्या हातात दिलं आणि ओट्यावरून उतरले. बैलांच्या रांगेतून चालत गेले. बाई माणूस तोरणाखाली जात नाही. ढोलवाल्यानं मला पाहिलं आणि त्याचा हात थांबला. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. आवाज कापला नाही. मी ओरडलेही नाही.

"बाबा, नकाशेवाली हे माझं नाव न्हाई. माझ्या नवऱ्यानं मला चारचौघांत खाली पाहायला लावायला दिलेलं हाय ते. त्याच्यापायी मी घर सोडून आले. हे मी तुमाला ओसरीवर सांगितलं होतं. आन तुमी ते आज गावासमोर म्हणलं."

कुणाला काय करावं कळेना. पोळ्यात असं कधी झालं नव्हतं. मग मागून एक पोरगा ओरडला, "झडतीत म्हण, झडतीत!" लगेच आणखी चार जणांनी साथ दिली. झडतीला झडतीनंच उत्तर द्यायचं हा नियम त्यांना आठवला होता. बाबांनीही माझ्याकडे आशेनं पाहिलं. मला जुळवता येत नाही असं नव्हतं, त्यांचीच लेक होते मी. दोन ओळी तर तेव्हाच जिभेवर आल्या होत्या, आणि त्या अशा होत्या की बाबांना वर्षभर तोंड दाखवता आलं नसतं. मी म्हटल्या असत्या तर गाव हसलं असतं, मला शाबासकी मिळाली असती आणि सगळं होतं तसं राहिलं असतं.

"झडतीत न्हाई म्हणणार," मी म्हणाले. "सरळ म्हणून राहिले. मला वाईट वाटलं, बाबा. लय वाईट वाटलं."

आणि मी परत फिरले, मायकडून पोरीला घेतलं. मागं मानाचा बैल पुढं नेला, तोरण तुटलं, ढोल पुन्हा वाजला. घरी जाऊन मी पोरीला दूधभात भरवला आणि तिला सांगितलं की मला आई म्हणायचं. दुसरं काहीही म्हटलं तर मी ओ देणार नाही.

झडतीवाल्याच्या पोरीनं पोळा नासवला, असं गावभर झालं. पाणी भरायला गेले की बायका गप्प व्हायच्या. मायनं माझ्याशी बोलणं टाकलं. एकदाच भांडी घासता घासता म्हणाली, "भरल्या गावात बापाचं नाक कापलं."

"माझं त्यांनी कापलं, ते दिसलं न्हाई का तुला?" मी म्हणाले. पुन्हा ती त्या विषयावर बोलली नाही.

बाबांची मात्र पंचाईत झाली. त्यांची एकच वाट होती आणि ती मी अडवून धरली होती. जेवायला बसले की तोंड उघडायचे, माझ्याकडे बघायचे, मिटायचे. शेजारी विचारायचे, "काय म्हातारं, झडत्या आटल्या का?" त्यालाही ते उत्तर देत नव्हते. मला त्यांची दया येत होती आणि तरीही मी मदतीला गेले नाही. आपल्या लेकीशी कसं बोलावं हे एवढ्या मोठ्या माणसाला मी कशाला शिकवू?

मग एका सकाळी मी गोठ्यात शेण भरत होते तेव्हा ते आले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.

"काय मंग, पुढारीणबाई..." एवढं बोलले आणि थांबले. मी मान वर केली नाही.

"तो काय काय बोलतो ते सांग," ते म्हणाले. "सगळं सांग. म्या हसणार न्हाई."

मी पाटी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. भाषणाचं सांगितलं, बारावीचं सांगितलं, आजारी पडले तेव्हा तो गिऱ्हाइकांना काय म्हणाला ते सांगितलं. एका ठिकाणी त्यांचा ओठ हललाच. जुनी खोड, आणि जावयाचं वाक्य चपखल होतं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावून घट्ट दाबून धरला. मला ते दिसलं आणि त्या क्षणी मी त्यांना माफ केलं.

सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "माझं चुकलं." मग बैलाकडेच बघत पुढं बोलले, "तुझ्या मायला पन म्या जल्मभर असंच बोललो."

"ते तिला सांगा," मी म्हणाले.

सांगितलं की नाही मला माहीत नाही. पण त्याच आठवड्यात मायला कणकण होती तेव्हा आतून बाबांचा आवाज आला, "तुला बरं न्हाई. पडून राह्य, भाकरी पोरगी करंल." माय घाबरून बाहेर आली आणि मला कानात विचारू लागली, "ह्यांना काय झालं गं? दवाखान्यात न्यावं का?" त्या घरात मी पोळ्यानंतर पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

दसरा झाल्यावर नवरा मला न्यायला आला. सोबत दोन वडीलधारी माणसं, ओसरीवर सतरंजी, चहा. मला बाहेर बोलावलं. पहिला प्रश्न ठरलेलाच होता.

"मारलं का यानं तुला कधी?"

"न्हाई."

"मंग झालं तर!" पाहुणे म्हणाले आणि बैठक संपल्यासारखे मागं रेलले. नवऱ्याला तेवढ्यानं धीर आला. तो बाबांना म्हणाला, "मामा, तुमची लेक न्हाई तं ढाबा ओस पडला बघा. गिऱ्हाईक जेवन सोडून नकाशा मागून राह्यलं."

दोघं पाहुणे हसले. आणि मग सगळे बाबांकडे पाहू लागले, कारण असा चेंडू बाबांनी कधी सोडला नव्हता. दारातून मीही पाहत होते. परत जायचं की नाही हे मी ठरवलेलं होतं, पण त्या घरात माझ्या बाजूनं कुणी आहे की नाही ते मला अजून माहीत नव्हतं. बाबांनी कप खाली ठेवला.

"जावई," ते म्हणाले, "मला ह्याचं हसू आलं न्हाई. माझ्या लेकीला तिच्या नावानं हाक मारा. तुमी जे बोलता त्याच्यानं तिला तकलीफ होते. माझ्या बोलण्यानं पन झाली. म्या बंद केलं."

एवढंच. आवाज चढला नाही. पण मी दाराची चौकट धरून उभी होते, ती मला सोडता येईना.

नवरा गोंधळला. "मामा, गंमत हो ती."

आता माझी पाळी होती. मी म्हणाले, "गंमत दोघांची असते. ही तुमची एकट्याची हाय. माझी पोळी आवडत न्हाई तर तसं सांगा. मी शिकेन, न्हाई तर तुमी लाटा. पण मला सांगा, गिऱ्हाइकाला न्हाई."

"एवढ्याशा गोष्टीपायी संसार मोडतीस का?" एक पाहुणा म्हणाला.

"एवढीशीच हाय तर ह्यांना सोडायला काय जातं?" मी म्हणाले.

त्या दिवशी मी गेले नाही. पाहुणे रागानं उठले, चहा तसाच राहिला. मायनं डोळ्याला पदर लावला. बाबांनी मला काही विचारलं नाही आणि समजावलंही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कापूस वेचायला गेलो.

कापूस संपत आला तेव्हा नवरा पुन्हा आला. या वेळी एकटा, आणि घरी न जाता सरळ शेतात. बांधावर उभा राहिला. मी वेचणं थांबवलं नाही. तो बोलायला लागला की सवयीनं थट्टेकडे वळायचा, मग थांबायचा. शेवटी खाली बसला आणि मातीकडे बघत म्हणाला, "लोकं हसले की मले बरं वाटते. तू बारावी, मी दहावी नापास. गिऱ्हाईक तुले ताई म्हनून काही विचारायचं तं मले वाटायचं आता मले कोन विचारीन. तुले खाली केलं की मी वर वाटायचो."

लग्नानंतर तो माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलला ते हे. ऐकायला गोड अजिबात नव्हतं. पण त्यात कुठं काही झाकलेलं नव्हतं, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

"हे आधी सांगितलं असतं तर," मी म्हणाले, "मी रद्दी तुमाला वाचून दाखवली असती."

मी परत गेले. लोक अजून म्हणतात, नशीब तुझं, नवरा समजूतदार निघाला. मला याचा भयंकर राग येतो. नशिबानं काही केलेलं नाही. मी पीठ परातीत सोडून उठले, तोरणाखाली गेले, ओसरीवर नाही म्हणाले, तेव्हा तो समजूतदार निघाला. आणि एका दिवसात निघाला नाही. जीभ घसरायचीच. ती घसरली की मी लाटणं खाली ठेवायची, हात धुवायची आणि सगळ्यांसमोर शांतपणे विचारायची, "तुमाला नेमकं काय पाहिजे ते सांगा." पोळ्या थांबायच्या, गिऱ्हाइकं ताटावर बसून राहायची. तो चिडायचा, गुरगुरायचा, मग सांगायचा, "जरा पातळ लाट." पातळ लाट, एवढंच म्हणायचं असायचं त्याला! ट्रकवाले तर आणखी कितीतरी वर्षं नकाशेवाली म्हणत राहिले. त्यांना मी सांगायची, वहिनी म्हटल्याशिवाय रोटी येणार नाही. एकजण हट्टाला पेटला आणि नुसती भाजी खाऊन गेला. परतीच्या खेपेला वहिनी म्हणाला.

बाबांनी झडत्या पुन्हा सुरू केल्या, पण माणसांवर नाही. जाणाऱ्या विजेवर, रस्त्याच्या खड्ड्यांवर, स्वतःच्या पडलेल्या दातांवर. आधीइतकं हसू येत नव्हतं हे कबूल. वरच्या आळीचा म्हातारा म्हणायचा, झडतीतलं मीठ गेलं. जाऊ दे की. ते मीठ कुणाच्या जखमेवर पडत होतं ते त्याला कुठं माहीत होतं?

हिंगोली जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. पोरगी हायस्कुलात होती. मला ताप होता म्हणून त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा ढाब्यावर पोळ्या लाटायला घेतल्या. मी आतल्या बाजेवर पडून दारातून बघत होते. तिची पहिली पोळी तव्यावरून उतरली. एकीकडे फुगलेली, एकीकडे लांब शेपूट निघालेलं. नवऱ्यानं ती हातात घेतली. त्याचा चेहरा कसा फुलतो ते मी ओळखते. बाजांवर सगळी ओळखीची गिऱ्हाइकं होती, ती आशेनं बघत होती. मी अंगावरचं पांघरूण बाजूला करून उठून बसले.

पोरगीच बोलली. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "वाकडी झाली ना, बाबा?"

त्यानं पोळी उलटून पाहिली.

"व्हय, वाकडी झाली," तो म्हणाला. "आन ही कड कच्ची राह्यली. परत टाक."

तिनं ती परत तव्यावर टाकली, कड फडक्यानं दाबून भाजली आणि त्याला दिली. त्यानं तिथंच उभ्यानं, भाजीला लावून ती खाल्ली. कुणी हसलं नाही, कारण हसण्यासारखं काही झालंच नव्हतं. तिनं पुढचा गोळा घेतला आणि लाटायला लागली.